अज्ञानाच्या विटेवर देव उभा नाही

विज्ञान जिथे संपते तिथून देव सुरू होतो, असे वाक्य अलीकडे सप्ताहाच्या मंडपात हमखास ऐकू येते. वक्ता ते जरा आवाज चढवून म्हणतो, टाळकरी मान डोलावतात, पुढची मंडळी टाळ्या वाजवतात आणि विठ्ठलनामाचा गजर होतो. चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, टाळी मिळवायला हे वाक्य फार सोपे आहे. सिद्धांत म्हणून मात्र ते टिकत नाही, आणि आपल्या संप्रदायाचा तर तो सिद्धांतच नाही. आता गळा साथ देत नाही, त्यामुळे कीर्तन थांबले आहे आणि ऐकणे वाढले आहे. ऐकताना हे वाक्य दर वेळी टोचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. पूर्वपक्ष असा : माणसाची बुद्धी तोकडी आहे. डॉक्टर हात टेकतात, इंजिनिअर हात टेकतात, आकाशाचा वेध घेणारेही कुठेतरी थांबतात. ते थांबतात त्याच्या पुढे जे आहे तो देव. ऐकायला हे भक्तीचे वाटते. पण सज्जनहो, याचा उलट अर्थ काय होतो तो पाहा. जेवढे माणसाला कळले तेवढी जागा देवाची नाही, असे आपण आपल्याच तोंडाने कबूल करून बसतो. मग उद्या आणखी काही कळले की देवाने तिथूनही उठायचे. असा देव म्हणजे भाड्याच्या खोलीतला बिऱ्हाडकरू झाला. मालकाने निरोप धाडला की वळकटी बांधायची.

आपल्याकडे एका रोगालाच देवी म्हणत. अंगावर फोड उठले की घरात कडुलिंबाचा पाला बांधायचे, बोलायचे ते हळू आवाजात, औषध द्यायचे नाही, कारण बाई पाहुणी आली आहे. पुढे लस घरोघर पोचली आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. माझ्या दंडावर त्या लसीचा वण आहे. नातवाच्या दंडावर नाही, त्याला त्याची गरजच उरली नाही. आता मला सांगा, रोग गेला म्हणून तुळजापूरची भवानी कुठे गेली का? अंबाजोगाईची योगेश्वरी उठून गेली का? नवरात्रात पूर्वीपेक्षा दुप्पट माणूस जातो. म्हणजे ज्या अज्ञानावर आपण देवीला बसवले होते ते तिचे आसन कधी नव्हतेच. आसन आपण टाकले होते.

भूकंपाचेही तसेच. लहानपणी आजी सांगायची, पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे; शेष फणा बदलतो तेव्हा जमीन हलते. गोष्ट सुंदर आहे आणि मी ती कधी टाकून दिली नाही. पण आपल्या पूर्वजांनी ती जशीच्या तशी धरली होती असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यांचे जन्मगाव विज्जलवीड. ते कोणते यावर विद्वानांत वाद आहे. काही जण म्हणतात ते आमचे बीड. (बीडकराला हे पटायला पुरावा लागत नाही, हे वेगळे.) त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात त्यांनी प्रश्न घेतला आहे : पृथ्वी कशावर उभी आहे? त्यांच्या युक्तिवादाचा भाव असा की पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि याला शेवट नाही. शेवटी कुठेतरी कोणाला तरी स्वतःच्या शक्तीने उभे मानावेच लागणार, तर पहिल्यालाच, पृथ्वीलाच, तसे का मानू नये?

हा माणूस नास्तिक नव्हता. ग्रंथारंभी देवाला वंदन आहे. ग्रहणाचे गणित मात्र त्यांनी छायेने केले, पृथ्वीची छाया चंद्रावर पडते या हिशेबाने. राहूची पुराणकथाही सोडली नाही. राहू त्या छायेत शिरतो असे म्हणून तिला जागा दिली. पण गणितात राहू कुठे घेतला नाही. नमस्काराच्या जागी नमस्कार आणि गणिताच्या जागी गणित. नऊशे वर्षांपूर्वी ज्याला हे जमले त्याचा वारसा सांगायचा आणि आज मंडपात मात्र गणित अडले की देव काढून दाखवायचा, हे कसे चालेल?

यावर कोणी म्हणेल, भास्कराचार्य ज्योतिषी, त्यांचे राहू द्या; संतांचे काय? तर ज्ञानोबारायांचा ‘अमृतानुभव’ काढा. त्याचे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, दहा प्रकरणांत सर्वांत मोठे. माउलींनी तिथे अज्ञान ही वस्तूच उरू दिली नाही. आणि लगेच आठव्या प्रकरणात ज्ञानाचेही खंडन केले आहे, कारण अज्ञानाला दूर करणारे म्हणून जे ज्ञान, ते अज्ञानाच्याच जोडीने उभे असते; एक गेले की दुसऱ्याला नाव उरत नाही. ज्यांनी अज्ञानाला अस्तित्वच दिले नाही, त्यांच्या नावाचा गजर करून आपण देवाचा पुरावा अज्ञानावर उभा करणार? शांकरभाष्य वाचलेल्यांना हेही आठवेल की आचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावर भाष्य करताना श्रुतीचा अधिकार कुठवर ते सांगितले आहे. प्रत्यक्षाने जे कळते त्याच्या विरुद्ध, जसे अग्नी थंड आहे असे, वेद बोलला तरी ते प्रमाण होत नाही. वेदाचा विषय वेगळा, डोळ्याचा विषय वेगळा. हे आचार्यांचे म्हणणे आहे, कोणा सुधारकाचे नव्हे.

इथवर शास्त्र झाले. शास्त्र कसाला लागते ते संकटात, आणि आमच्या भागात तो कस ३० सप्टेंबर १९९३ ला लागला.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. आमच्याकडे अंबाजोगाईच्या बाजूला फळीवरची भांडी खाली आली, जनावरे दावे तोडू लागली, एवढ्यावर निभावले. पण लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या शिवेवर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे झोपेतच गाडली गेली. माणसे किती गेली याचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली.

त्या वेळी विज्ञान काय सांगत होते? विज्ञान सांगत होते की हे होणार नाही. आपले पठार म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला काळा पाषाण. धरणी हलते ती हिमालयाकडे, इकडचा खडक स्थिर. १९६७ ला कोयनेला मोठा भूकंप झाला होता, पण तो धरणाच्या पाण्याच्या खाती मांडला गेला. देशाच्या भूकंप-नकाशात लातूरचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. बरे, सूचना मिळाली नव्हती असेही नाही. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. माणसे घाबरली. पुढे काही मोठे येणार आहे का, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. धक्के थांबले आणि माणसे पुन्हा घरात निजू लागली.

इथे टाळीबाज वक्त्याला मोह होतो. पाहा, विज्ञान हरले! पण विज्ञान हरल्याने देव जिंकला असे त्या पहाटे किल्लारीत कोणाला वाटले असेल? गावोगावची मंदिरेही पडली होती. आणि विज्ञानाने पुढे काय केले तेही पाहावे. तिथे खोल बोअर घेतले. तीनशे मीटरहून जाड पाषाण भेदून त्याखालच्या पुरातन खडकापर्यंत गेले, आत कुठे भेग आहे, कुठे ताण साठतो याचा शोध घेतला, आणि आपला नकाशा चुकला होता हे मान्य करून तो भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घातला. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होईल हे आम्हाला आजही सांगता येत नाही, असे ते शास्त्रज्ञ स्वतः सांगतात. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे दिली आहेत. त्यांतले पहिलेच अमानित्व, आणि माउलींनी त्या लक्षणांवर शेकडो ओव्या खर्च केल्या आहेत. मला कळत नाही असे जो चारचौघांत म्हणतो त्याच्याजवळ ते पहिले लक्षण थोडे तरी आहे. व्यासपीठावर बसून सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यांत ते किती आहे, हे आपण आपापसांत विचारावे.

कारण त्या दिवसांत उत्तरे द्यायला पुष्कळ जण निघाले होते. एका गावी मी स्वतः कानांनी ऐकले, वक्ते सांगत होते की पाप वाढले म्हणून धरणीमातेला भार सोसवला नाही. समोर घोंगडीवर बसलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या घरात सुतक होते.

कोणाचे पाप? किल्लारीच्या घरांची रचना आमच्या घरांसारखीच होती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, चुन्या-सिमेंटची सांधणी नाही, आणि वर मातीचे माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी एक थर द्यायचा, गळू नये म्हणून. अशी वर्षानुवर्षांची माती छतावर चढलेली. ज्याचे घर जितके थोर, तितकी भिंत जाड आणि माळवद जड. ती भिंत हलली आणि माळवद निजलेल्यांवर आले. गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारा गरीब पुष्कळदा वाचला. माळवद ज्या घरात नुसत्या भिंतीवर न ठेवता लाकडी खांब-तुळयांवर पेललेले होते, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळल्या आणि छत तसेच राहिले. आता पापाचा सिद्धांत मांडणाऱ्याने सांगावे, देवाने त्या रात्री काय मोजले? पाप मोजले की मातीचे वजन? पाळण्यातल्या मुलाचे पाप त्याच्या आजोबांनी चढवलेल्या थरांइतके होते काय?

ही चूक लहान माणसांनीच केली असे नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतेच्या विरोधात देशभर फिरत होते. ते म्हणाले, हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक, गांधीजींवर त्यांची श्रद्धा. तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींचा मोठेपणा असा की ती त्यांनी आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापली. रवींद्रनाथांचे म्हणणे होते की निसर्गातल्या उत्पाताचे कारण निसर्गातच शोधले पाहिजे. आणि तुम्ही हा युक्तिवाद वापरलात तर तुमचे विरोधकही तोच वापरतील, भूकंप तुमच्या चळवळीमुळे झाला म्हणतील. अस्पृश्यता पाप आहेच, त्याला भूकंपाची साक्ष लागत नाही. १९४७ साली साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा त्यांनी कोणाला देवाच्या कोपाचे भय घातले नाही. स्वतः उपाशी राहिले, आणि दार उघडले.

मग कर्मसिद्धांत खोटा का, असा प्रश्न मला एका अभ्यासू तरुणाने केला. सिद्धांत खोटा नाही; तो कोणाकडे तोंड करून बोलायचा हे शिकावे लागते. तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. तुकोबारायांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नाविना गेली, मुलगा गेला. स्वतःच्या या दुःखाबद्दल त्यांनी पुढे देवाचे उपकार मानले आहेत. त्यानेच मला तुझ्याकडे वळवले, असा त्यांचा भाव आहे. पण शेजारी मेला तो त्याच्या पापाने मेला, असे देहूच्या त्या वाण्याने म्हटल्याचे मला आढळले नाही. शेजाऱ्यांसाठी त्यांनी काय केले, तर घरातली कर्जखते काढली, भावाच्या वाटणीची भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. ज्याच्यावर संकट आले तो स्वतः म्हणू शकतो की यात देवाचा काही हेतू असेल. तो अधिकार त्याचा एकट्याचा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीही दुष्काळाची मीमांसा केली नाही, कोठाराचे दार उघडले.

भूकंपानंतर काही आठवड्यांनी आम्ही चार-पाच जण धान्य आणि घोंगड्या घेऊन तिकडे गेलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये माणसे राहत होती. तिथे एक बाई होती, तिशीतली. तिची दोन्ही लेकरे गेली होती. सरकारी इंजिनिअर नव्या घराची आखणी दाखवायला आला तेव्हा तिने त्याला खोदून खोदून विचारले, भिंत किती जाड, आत लोखंड कुठे, हलली तर बाहेर पडेल की आत. तो सांगत होता आणि ती ऐकत होती. तो गेल्यावर माझ्याजवळ आली. म्हणाली, “म्हाराज, माझी लेकरं आता कुठं असतील?”

तिला दोन प्रश्न होते. भिंतीचा प्रश्न तिने मला विचारला नाही आणि लेकरांचा त्या इंजिनिअरला विचारला नाही. विज्ञानाची मर्यादा आणि श्रद्धेचे क्षेत्र यांवर आम्ही पंडितांनी चर्चा करायची; तिला ती जागा न सांगता ठाऊक होती. इंजिनिअर अजाण होता म्हणून हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता असे नव्हे. आणखी शंभर बोअर घेतले तरी त्या प्रश्नाचे उत्तर खडकात सापडणारे नाही, कारण तो खडकाचा प्रश्नच नाही. माहितीची उणीव वेगळी आणि हा प्रश्न वेगळा. पहिली आज ना उद्या भरून निघेल, तिथे देवाला बसवण्याची घाई करू नये. हा दुसरा प्रश्न मात्र सगळे कळले तरी शिल्लक राहील.

आणि मी? मला गरुडपुराण पाठ होते, गीतेचा दुसरा अध्याय पाठ होता. मी तिला म्हणालो, “माय, मी पाहिलेलं नाही. पोथीत काय लिहिलंय ते सांगू शकतो.” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोथी असू द्या. बसा थोडं.”

बसलो. संध्याकाळ झाली, आमच्यातल्या एकाने टाळ काढले, हरिपाठ झाला. ती शेवटपर्यंत बसली होती. तिला उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही.

पंढरीचा आपला देव तरी कुठे बोलतो? पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता, देव दाराशी आला तेव्हा त्याने मागे न पाहता वीट टाकली आणि थांब म्हणाला, देव थांबला. कमरेवर हात, समोर दृष्टी, तोंडात शब्द नाही. जगाचे कोडे उलगडून सांगणारा देव म्हणून आपण त्याच्याकडे जात नाही. तसा तो असता तर वारीला जाण्याऐवजी प्रश्नपत्रिका पाठवली असती. जो माणूस भूकंपमापक यंत्र दाखवून म्हणतो की यात देव कुठे उमटला नाही, म्हणून तो नाही, त्याचीही चूक याच घरातली. यंत्रात थरथर उमटते. त्या बाईचे रडणेही त्यात उमटले नव्हते, म्हणून ते नव्हते असे तो म्हणेल काय? पण या मंडळींवर जास्त शाई घालवत नाही. त्यांचे वाचक वेगळे, आणि आपले घर आधी झाडावे.

घर झाडायचे तर आजचेच बोलतो. पावसाळ्यात शेतात पान लागले की माणसाला अजून मारुतीच्या पारावर नेऊन निजवणारी गावे आपल्या जिल्ह्यात आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. अंबाजोगाईला मोठे सरकारी रुग्णालय आहे. पारावर जो तास जातो त्या तासात विष चढत असते. इथे विज्ञान कुठेच संपलेले नाही; संपण्याआधीच आपण देवाला मध्ये उभे केले. नामस्मरण जीपमध्ये बसूनही करता येते, आणि माझ्या मते ते तिथेच करावे.

आमच्या गावात विठ्ठल मंदिराचा जुना सभामंडप उतरवून नवा बांधायला घेतला तेव्हा हाच वाद झाला. गवंडी म्हणाला, खिडक्यांच्या वरून भिंतीला सगळीकडे लोखंडाचा सलग पट्टा फिरवावा लागेल, किल्लारीनंतर असेच बांधतात. विश्वस्तांपैकी दोघे म्हणाले, देवाच्या घराला कशाला भीती, तो पाहून घेईल, उगाच खर्च. मी म्हटले, देव पाहून घेईलच, पण खाली हरिपाठाला लहान पोरे बसतात. दोन बैठका झाल्या, तिसरीला वर्गणी वाढवली. पट्टा फिरवला. त्याच्या खाली टाळ अडकवायला खुंट्या ठोकल्या आहेत, आणि रोज संध्याकाळी सहाला पोरे त्या खुंट्यांवरचे टाळ काढायला भांडतात.